पोरांना ओटीपी कळतो, 'भाड्याचं खातं' कळत नाही

माणदेशी : कॉलेजात सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं की 'ओटीपी सांगू नका' एवढंच ऐकवतात. ते पोरांना कधीचं पाठ आहे. पण टेलिग्रामवर 'खातं वापरायला द्या, कमिशन घ्या' असा मेसेज आला की हीच पोरं एटीएम कार्ड, पासबुक आणि खात्याला जोडलेलं सिम काढून देतात. मग कुणा आजोबांना व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बनून 'डिजिटल अटके'ची भीती घालून उकळलेली पुंजी त्या खात्यात येते आणि काही मिनिटांत पुढे जाते. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात, कारण केवायसी त्याचं असतं. व्याख्यानात आधी हे सांगा.

तापीकाठ : अजिबात पटलं नाही. पोरं काही भोळी नसतात. मेसची बाकी थकलेली, शिष्यवृत्ती रखडलेली, अशा वेळी पाच हजार मोठे वाटतात. आणि सगळं पोरांवरच का ढकलायचं? एरवी हजार-दोन हजार शिल्लक असलेल्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येऊन जातात, ते बँकेला दिसत नाही? अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय, २०२४ मध्ये त्याची घोषणाही झाली. आधी बँकांना जाब विचारा.

माणदेशी : बँकेला विचाराच, माझी ना नाही. पण गरज होती म्हणून गुन्हा टळत नाही. ज्या आजोबांचे पैसे गेले त्यांनाही औषधपाणी असतंच की!

काउंटरपलीकडून : बँकेत आहे म्हणून लिहिते. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला की पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला, तिथे तिथे रक्कम रोखली जाते, पुष्कळदा अख्खं खातं गोठतं. मग त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्तीही निघत नाही. तापीकाठ, तुमच्या गरजू पोराचंच यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. कुणी खातं देऊन बसलं असेल तर आजच कार्ड बंद करा, सिम ब्लॉक करा, शाखेत लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या आणि पोलिसांना स्वतःहून कळवा.

तापीकाठ : हे मात्र कामाचं, ताई. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली तर यातली निम्मी पोरं त्या मेसेजकडे बघणारही नाहीत.

माणदेशी : आणि उरलेली निम्मी? ती 'झटपट पैसा' म्हणूनच जातात. त्यांना कोण सांगणार?