दूध संकलन ॲप: फॅट चुकतं, नावं सापडत नाहीत. मांडणी बदलू की कोड?

नवा_पदवीधर:

यंदा संगणक अभियांत्रिकीची पदवी झाली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून गावच्या दूध संस्थेसाठी संकलनाचं ॲप केलंय. तेच नोकरीच्या अर्जासोबत कामाचा नमुना म्हणून द्यायचंय, पण आधी ते काउंटरवर नीट चालायला हवं. पडद्यांचा आराखडा फिग्मा या डिझाइनच्या साधनात, कोड रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं. साधारण १४० सभासद, गाय-म्हैस दोन्ही दूध, सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास संकलन, दर दहा दिवसांनी बिल. काट्यावरचं आणि फॅट मशीनवरचं वाचन सचिव हातानेच भरतात.

पडद्यावरचा क्रम: तारीख, वेळ, सभासदाचं नाव (यादीतून), दुधाचा प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ), जतन.

फॅट ६.५ च्या जागी ६५ पडतं. इशाऱ्याची चौकट टाकली, तरी 'ठीक आहे' दाबून नोंद पुढे जाते. कऱ्हाडे आडनावाचे दोन सभासद शोधात येतच नाहीत. मराठी कीबोर्डवरून आकडे भरले की रकमेच्या जागी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') दिसतं. बिलाची बेरीज वहीपेक्षा काही पैशांनी वेगळी येते. आणि थर्मल प्रिंटरवर पावती नुसत्या प्रश्नचिन्हांची निघते.

यातलं काय मांडणीने सुटतं आणि काय कोडने?

काउंटरपाशी:

आधी वेळेचा हिशोब करा. दीड तासात १४० सभासद म्हणजे माणशी जेमतेम ३८ सेकंद, आणि त्यातच दूध ओतणं, मापणं, नमुना घेणं, मशीन लावणं आलं. नोंदीच्या वाट्याला ८ ते १० सेकंद धरा. या मापात न बसणारी प्रत्येक गोष्ट पडद्यावरून काढायची.

तारीख आणि वेळ दर नोंदीला विचारायचं कारण नाही. संकलन सुरू करताना एकदाच ठरवा आणि वर ठळक पट्टीत दाखवत राहा: 'सकाळ, १२ तारीख'. नुसत्या घड्याळावर विसंबू नका. फोनचं घड्याळ चुकलेलं असलं तर आख्खी पाळी (एका वेळचं संकलन) भलत्या तारखेला पडते. पट्टीचा रंग सकाळी एक, संध्याकाळी दुसरा ठेवला की चूक लांबूनही दिसते.

नाव यादीतून निवडणं हा सगळ्यांत महाग टप्पा आहे. काउंटरवर सभासद नंबराने ओळखला जातो. नंबर भरा, नाव मोठ्या अक्षरात समोर येऊ द्या. एकाच नावाचे दोघे असतील तर वडिलांचं नाव किंवा वस्तीही दाखवा. त्या सभासदाचा नेहमीचा दुधाचा प्रकार आपोआप निवडलेला असावा. गाय आणि म्हैस दोन्ही घालणाऱ्यांनाच तो बदलावा लागेल.

आता फॅट. दशांश बिंदू टाकायलाच लावू नका. तीन आकडी जागा ठेवा आणि बिंदू कायम शेवटच्या आकड्याआधी छापलेला दाखवा: ६५ भरलं की ६.५, १०२ भरलं की १०.२. यातली चूक ठरलेली आहे: कुणी ७.० साठी नुसतं ७ भरतं आणि ०.७ होतं. म्हणून २.० च्या खाली आणि १२.० च्या वर नोंद पुढेच जाऊ द्यायची नाही. एवढं केलं की चौकटीची गरज उरत नाही. चौकट वाचली जात नाही याचं कारणही समजून घ्या: ती दर थोड्या वेळाने येते आणि दर वेळी तेच बटण दाबून जाते, म्हणून हाताला सवय लागते. माणूस निष्काळजी आहे असा निष्कर्ष काढू नका.

मर्यादेत बसणारं पण संशयास्पद फॅट वेगळं हाताळायचं. त्या सभासदाच्या मागच्या दहा दिवसांच्या सरासरीपेक्षा १.० हून जास्त फरक असेल तर आकड्याखाली सरासरी दाखवा आणि आकड्याची पार्श्वभूमी पिवळी करा. थांबवू नका. जनावर व्यालं, चारा बदलला, दूध वेगळ्या जनावराचं आलं, की फॅट खरोखर बदलतं. उत्पादकाचा दर त्यावर ठरतो. 'फॅट लागली नाही' हे वाक्य संस्थेत रोज ऐकू येतं, तेव्हा ॲपने खरा आकडा अडवणं चुकीचा आकडा घेण्याइतकंच वाईट.

हात ओले असतात हेही आराखड्यात धरा. टचस्क्रीनवर पाण्याचा थेंब पडला की दाब चुकीच्या जागी लागतो किंवा लागतच नाही. बटणं किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचं माप मोजायचं एकक), मधे ८ डीपी मोकळी जागा. त्याहून बरं म्हणजे ओटीजी वायरने (फोनला यूएसबी उपकरण जोडायची वायर) जोडलेला आकड्यांचा छोटा कीपॅड. तो ओल्या हातानेही चालतो आणि नजर मशीनवर ठेवून बोटं चालवता येतात.

शेवटची नोंद पडद्यावर राहू द्या, शेजारी 'दुरुस्त करा'. चूक बहुतेकदा पुढच्या कॅनच्या आधीच लक्षात येते.

पैशापैशाने:

मांडणीचं वरती आलंय, कोडचं सांगतो.

'नॅन' येतो कारण जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६. भरलेल्या मजकुरातलं २४०६ ते २४१५ मधलं प्रत्येक चिन्ह घ्या, त्यातून २४०६ वजा करा, आकडा मिळतो. हे एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि प्रत्येक रकाना त्यातूनच जाऊ द्या. रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवू नका, त्यात देवनागरी आकडे बहुतेक ब्राउझर स्वीकारत नाहीत. प्रकार 'टेक्स्ट' आणि इनपुटमोड 'डेसिमल' ठेवा. स्वतःचा कीपॅड पडद्यावर काढणार असाल तर इनपुटमोड 'नन', म्हणजे फोनचा कीबोर्ड वर येऊन अर्धा पडदा झाकत नाही. ओटीजी कीपॅड लावला तर कळीचं 'की' मूल्य न वाचता 'कोड' वाचा. नमलॉक बंद असला की ७ ची कळ 'की'मध्ये 'होम' म्हणून येते, 'कोड'मध्ये ती सातच राहते.

दाखवताना मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं तर जावास्क्रिप्टचा इंटल नंबरफॉरमॅट आपोआप देवनागरी आकडे आणि लाखाचे स्वल्पविराम देतो. पण नोंदीच्या पडद्यावर मी इंग्रजी आकडेच ठेवेन. काटा आणि फॅट मशीन दोन्हींवर इंग्रजी आकडे असतात, आणि नजरेने ताडून बघताना लिपी बदलली की वेळ जातो. देवनागरी आकडे पावतीवर द्या.

पैशांचा फरक दशांश अपूर्णांकांमुळे आहे. जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं तर ४३५ न येता ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा पूर्णांक काढला की ४३४, एक शतांश लिटर गेलं. म्हणून भरलेला मजकूर थेट पूर्णांकात बदला: लिटर शतांशात, दर पैशात. ४.३५ लिटर आणि ५२.७० दर म्हणजे ४३५ गुणिले ५२७०, बरोबर २२,९२,४५०. त्याला १०० ने भागलं की २२,९२४.५ पैसे. आता तो अर्धा पैसा वर न्यायचा की खाली, आणि नोंदीगणिक न्यायचा की बिलाच्या बेरजेला, हे तुम्ही ठरवायचं नाही. वहीत जसं करतात तसंच करायचं. दहा दिवसांच्या २० नोंदी, दर नोंदीला जास्तीत जास्त एक पैसा, म्हणजे २० पैशांपर्यंतचा फरक निव्वळ या नियमामुळे पडू शकतो. फरक त्याहून मोठा असेल तर चूक दुसरीकडे आहे.

ती दुसरी जागा बहुतेकदा दरपत्रक असते. बिल काढताना आजच्या दरपत्रकातून दर शोधत असाल तर दहा दिवसांच्या मधे दर बदलला की मागच्या सगळ्या नोंदींची रक्कम बदलते. दरपत्रकाला लागू तारीख आणि पाळी जोडा, आणि लागलेला दर नोंदीतच साठवा. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसू नका. ती रद्द म्हणून खूण करा आणि नवी जोडा, म्हणजे तक्रार आल्यावर दोन्ही दाखवता येतात.

आता कऱ्हाडे. हा अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो: एक 'ऱ' (यू+०९३१, हा युनिकोड क्रमांक सोळाच्या पद्धतीत लिहिलेला) अधिक हलन्त, दुसरी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह (यू+२००डी). दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करायची प्रक्रिया) केल्याने ते एक होत नाहीत. 'ॲ'चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर (यू+०९७२), दुसरं अ वर चंद्र. त्यामुळे प्रत्येक नावासाठी वेगळी शोध-किल्ली साठवा: आधी एनएफसी, मग न दिसणारी जोडचिन्हं काढा, ऱ चा र करा, अ अधिक चंद्र असेल तर ॲ करा, ह्रस्व इकार-उकार दीर्घ करा. शोधायला टाइप केलेल्या मजकुरावरही हेच चालवा. पांडुरंग आणि पांडूरंग दोन्ही सापडतील. मूळ नाव मात्र जसं लिहिलंय तसंच राहू द्या. पावतीवर माणसाला आपलं नाव आपल्या पद्धतीने दिसायला हवं.

नाव तपासण्याच्या नियमात फक्त 'अक्षर' हा युनिकोड वर्ग असेल तर काना-मात्रा असलेलं प्रत्येक नाव नाकारलं जाईल, कारण मात्रा 'मार्क' वर्गात येतात. दोन्ही वर्ग आणि जोडचिन्ह चालू द्या. लांबीची मर्यादाही सैल ठेवा: 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरं, संगणकाला दहा.

पावतीवाला:

बहुतेक थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून प्रश्नचिन्हं. मजकूर पाठवूच नका, चित्र पाठवा. ५८ मिमीच्या कागदावर छपाईची रुंदी ४८ मिमी, म्हणजे ३८४ ठिपके. ३८४ रुंदीच्या कॅनव्हासवर (ब्राउझरमधली चित्र काढायची जागा) मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये पावती काढा, काळा-पांढरा करा, आठ-आठ ठिपक्यांचा एक बाइट करून रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र छापायच्या, आज्ञेने पाठवा. अक्षर २४ ठिपक्यांहून लहान नको, वजन मध्यम ठेवा, नाहीतर बारीक शिरोरेखा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जातो. फॉन्ट पूर्ण उतरल्यावरच कॅनव्हास काढा, नाहीतर पहिली पावती भलत्याच फॉन्टमध्ये येते. चित्राची छपाई मजकुरापेक्षा हळू होते, तेव्हा पावती पाच-सहा ओळींची ठेवा: नंबर-नाव, वेळ, लिटर, फॅट-एसएनएफ, दर, रक्कम.

नेट गेलं तर काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नोंद आधी फोनवरच्या इंडेक्सडडीबीत (ब्राउझरच्या आतली साठवण), मग सर्व्हरवर. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याही नोंदीला न येणारा ओळख-क्रमांक) द्या. उत्तर न मिळाल्याने तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर ती एकच धरेल. सभासद, तारीख आणि पाळी एवढ्यावर एकमेवपणा लावू नका, एकाच वेळी दोन कॅन घालणारे असतात. जागा कमी पडली की ब्राउझर साठवण पुसू शकतो, म्हणून कायम साठवणीची परवानगी मागा आणि न गेलेल्या नोंदींचा आकडा पडद्यावर दाखवा.

नवा_पदवीधर:

दरपत्रकाची चूक माझ्याकडे आहेच, आजचाच दर लावतोय. नोंदीचा पडदा नव्याने करतो. चाचणीचं विचारायचंय: अभ्यासक्रमात 'मोठ्याने विचार करत वापरा' अशी पद्धत होती आणि पाच वापरकर्ते पुरतात असं होतं. इथे तर एकच सचिव आहेत.

काउंटरपाशी:

रांग समोर असताना मोठ्याने विचार करायला लावू नका, काम थांबतं आणि लोक खोळंबतात. संकलनावेळी बाजूला गप्प उभे राहा आणि कागदावर तीनच गोष्टी टिपा: नंबर भरल्यापासून जतनपर्यंत किती सेकंद, कुठे बोट मागे आलं, कुठे नजर पडद्यावरून वहीकडे गेली. प्रश्न संकलन संपल्यावर, ती नोंद उघडून विचारा.

पाचाचा आकडा जेकब निल्सन यांच्या मांडणीतून आलाय. त्यात एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलंय, त्यावरून पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात. पण ते एकसारखं काम करणाऱ्यांपुरतं. तुमच्याकडे सचिव, माप घेणारा आणि पावती वाचणारा उत्पादक अशा तीन भूमिका आहेत. शेजारच्या दोन-तीन संस्थांचे सचिव गाठा, आणि पावती पाच उत्पादकांना दाखवून विचारा, 'यात तुमचा दर कुठला?' बोट लगेच त्या आकड्यावर गेलं नाही तर पावती बदला.

वही बंद करायची घाई नको. एक पूर्ण बिल, म्हणजे दहा दिवस, वही आणि ॲप सोबत चालवा. रोज ५० नोंदी मशीनच्या वाचनाशी ताडा आणि चुका प्रकारानुसार मोजा: आकडा चुकला, सभासद चुकला, पाळी चुकली. अर्जासोबतच्या कामाच्या नमुन्याच्या पानावर हीच मोजणी ठेवा, जुन्या पडद्याची आणि नव्या पडद्याची, सोबत दोन्हींची चित्रं आणि प्रत्येक बदलाचं एका ओळीत कारण. सभासदांची नावं, नंबर आणि रकमा पडद्याच्या चित्रांत खोट्या टाका. धूसर करून भागत नाही, ओळखीचा माणूस नंबरावरूनही ओळखतो.

पैशापैशाने:

त्या पानाला चाचण्यांची फाइलही जोडा. किमान एवढ्या: ४.३५ लिटर आणि ५२.७० दर, पाळी बदलताना बदललेला दर, दोन्ही पद्धतींचं कऱ्हाडे, देवनागरी आणि इंग्रजी मिसळलेले आकडे, एकच यूयूआयडी दोनदा. आणि फॅटच्या रकान्यात नुसतं ७.