लाटा नसलेलं नाझारे

सेक्रेटरी: गच्चीवर चादरीवर पसरलेलं वाळवण कुणाचं? ढग दाटू लागलेत. भिजलं तर मला बोलायचं नाही.

बी-१०४ वहिनी: माझेच सांडगे. पोराला पाठवते वर.

ए-३०२ काकू (पोर्तुगाल): (फोटो)
इकडं पण वाळवणच चाललंय बघा, समुद्राच्या वाळूवर. सांडग्यांच्या जागी मासे, एवढाच फरक.

ए-२०१ काका: बांगडे काय हो ते?

ए-३०२ काकू: बांगड्यासारखे दिसतात, पण वेगळे. कारापाऊ म्हणतात.

बी-४०१ (धाकटा): काकू, तुम्ही नाझारेत आहात??? ते राक्षसी लाटांचं गाव! व्हिडिओ टाका की.

ए-३०२ काकू: कुठल्या लाटा रे. आज समुद्र जागचा हलेना. त्या लाटा ऑक्टोबर ते मार्च. आता जूनमध्ये पोरंसोरं गुडघाभर पाण्यात खेळू लागलेत.

बी-४०१ (धाकटा): तिथं समुद्राखाली घळ आहे, २०० किमीहून लांब आणि ५००० मीटरपर्यंत खोल. खोल पाण्यात लाटेचा वेग टिकतो, शेजारच्या उथळ भागात कमी होतो. मग घळीतनं आलेली लाट वळून दुसरीवर चढते, म्हणून एवढी उंच. २०२० मध्ये एका जर्मन सर्फरनं २६.२१ मीटरच्या लाटेवर फळीवरून स्वारी केली. विक्रम.

ए-२०१ काका: एवढं पाठ हाय, मग पेपरात काय होतंय रे?

बी-४०१ (धाकटा): 🙏

ए-२०१ काका: काकू, ते राहू दे. करमतंय काय तिकडं? एवढे दिवस लेकीकडं.

ए-३०२ काकू: सांगते. बाळ झोपलंय, हात मोकळे आहेत. तुमच्यापेक्षा साडेचार तास मागं आहोत आम्ही, इथं आत्ता कुठं सकाळचे दहा वाजलेत.
जावई घरूनच काम करतात, त्यामुळं घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. म्हणून मी सकाळी पाव आणायचं निमित्त काढते आणि किनाऱ्यावर जाऊन बसते. तिथं बायका मासे वाळवतात. माझ्याच वयाच्या एकीजवळ बसते रोज. ती मासा अंगठ्यानंच फाडते, सुरी नावाला. आतलं काढायचं, धुवायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि मग जाळी ताणलेल्या लाकडी चौकटीवर उघडा करून मांडायचा. रांग वाकडी झाली तर परत सरळ करते. कोण बघतंय तिथं? पण करते. दोन-तीन दिवसांत कडक वाळतो. अर्धवट वाळलेलाही विकतात, त्याला वेगळं गिऱ्हाईक.
भाषा तिची मला येत नाही, माझी तिला. काल तिनं माझा पदर हातात घेऊन चुरगाळून बघितला, मग आपला घागरा वर करून आतला दुसरा दाखवला, त्याच्या आत तिसरा. इथल्या बायका सात घागरे घालायच्या म्हणे. म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून दिसतात, गुडघ्यापर्यंतच असतात.

बी-१०४ वहिनी: सात?? उकडत नाही?

ए-३०२ काकू: वारा गार आहे गं. आणि पूर्वी इथं बंदरच नव्हतं, ते १९८० च्या दशकात झालं. तोवर होड्या थेट वाळूवरनं लाटांत ढकलायच्या, परत आल्या की बैल लावून ओढायच्या. माणूस परत येईपर्यंत बायका किनाऱ्यावर थंडीत बसून असायच्या. वरचे घागरे डोक्या-खांद्यावर घ्यायचे, खालचे पायाला, असं लेकीनं वाचून सांगितलं.

सेक्रेटरी: आणि दिवसभर?

ए-३०२ काकू: दुपारी काही नाही. संध्याकाळी बाळाला घेऊन रेल्वेनं वर कड्यावर. १८८९ पासूनची आहे, उभ्या चढाला दोरानं ओढतात. वर एक इवलीशी चौकोनी घुमटी. ११८२ मध्ये धुक्यात हरणामागं घोडा दौडवणारा सरदार मातामेरीचा धावा केल्यावर कड्याच्या टोकाशी थांबला, म्हणून बांधली, अशी कथा. कथा असो. मला तिथला बाकच आवडतो, अजून खाली होड्यांना हात हलवणारं कुणीतरी दिसतंच.
लोक इथं लाटा बघायला येतात. मला विचाराल तर त्या नसतात तेव्हाच इथल्या बायका काय करतात ते दिसतं.

ए-२०१ काका: व्हिसा किती दिवसांचा?

ए-३०२ काकू: १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. गणपतीच्या आधी यायलाच लागतंय.

बी-१०४ वहिनी: सुके मासे कसे करतात तिथं? कोकम घालून?

ए-३०२ काकू: कोकम कुठलं आलंय. निखाऱ्यावर भाजायचे, वर ऑलिव्हचं तेल आणि लसूण. मी खात नाही, लेकीसाठी भाजले. वर आपली ब्याडगीची पूड भुरभुरली थोडी.

सेक्रेटरी: मग?

ए-३०२ काकू: लेकीनं दोन खाल्ले. जावयांनी एका घासानंतर मीटिंग आहे म्हणून लॅपटॉप उघडला.