मुलीला घरात सगळे 'बंड्या' म्हणतात. चालू द्यावं का?

चिंचवडची_सून

नमस्कार मंडळी. मुलगी सात महिन्यांची आहे. बारशाला नाव ठेवलं मुक्ता. मीच सुचवलं होतं, सगळ्यांना आवडलं, आत्याने कानात कुर्रर्र केलं, पेढे वाटले. आणि तेव्हापासून आजतागायत घरातल्या एकाही माणसाने तिला मुक्ता म्हटलेलं नाही. ती 'बंड्या' आहे.

सुरुवात आबांनी केली. आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, आता सासू-सासरे दोघंही आमच्याकडेच असतात. ही दुपट्यात गुंडाळली की पाय बाहेर काढायची. कितीही घट्ट बांधा, थोड्या वेळाने बघावं तर एक टाच बाहेर. आबा म्हणाले, "हे काय ऐकणारं नाय. हे बंड्या हाय." झालं! सासूबाई, नवरा, दीर, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांनी तेच उचललं. नवरा ऑफिसातून फोन करतो तोसुद्धा "बंड्या झोपला का?" म्हणून. माझी आई डोंबिवलीहून आली की आधी नाक मुरडते, आणि दोन दिवसांत तीच "चल रे बंड्या, आंघोळीला" म्हणत तेलाची वाटी घेऊन बसलेली असते.

सोन्या, राजा, लबाडा यांचं मला काही वाटत नाही. ते मीही म्हणते. "कुठे निघालास रे?" असं मुलीला विचारणारी मी काही जगातली पहिली आई नाही. पण ते लाडाचं बोलणं झालं. हे हाक मारायचं नाव होऊन बसलंय.

तरीही मी इथे लिहिलं नसतं. पण परवा उष्टावण झालं. मुलीचं विषम महिन्यात करतात म्हणून सातव्यात. माझ्या भावाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठाला लावली, तर तिने अंगठीच हिरड्यांत धरली. सोडायलाच तयार नाही. भाऊ बिचारा घाबरून "अरे, अरे" करतोय, सगळे हसतायत. तेवढ्यात नवऱ्याच्या नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बंड्या म्हणताय ते बरंच करताय. अशीच हाक मारत राहा, म्हंजे पाठीवर खरा बंड्या येईल."

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो बसलाय. आता कुणी बंड्या म्हटलं की मला मावशींचं वाक्य ऐकू येतं. नवरा म्हणतो, तू उगाच फाटे फोडतेस.

तुमच्यापैकी कुणाला घरात अशी मुलाच्या नावाने हाक मारायचे का? पुढे त्रास झाला का? आणि थांबवायचं असेल तर आबांना न दुखावता कसं सांगायचं? त्यांचा जीव आहे हो तिच्यावर, त्यात खोट काढायला जागा नाही.

रंकाळ्याची_बाळ्या

माझ्या आयडीवरून कळलं असेलच. वय चाळीसच्या पुढे, सहकारी बँकेत कॅशियर, दोन पोरांची आई, आणि घरात अजून बाळ्या.

आमच्या कोल्हापुरात बायकाच "मी आलो, मी जेवलो" म्हणतात, त्यामुळं आम्हाला हे काय वेगळं वाटत नाही. पण सांगतो एक किस्सा. वडील एकदा पासबुक घेऊन आमच्या शाखेत आले. पगाराचा दिवस, दारापर्यंत रांग. रांगेच्या शेपटातनं ओरडले, "बाळ्या, एवढी एंट्री मारून दे रं!" अख्खी रांग शिपाई कुठाय ते बघायला लागली. मी काचेमागनं हात वर केला. तेव्हापासनं आमचे साहेबसुद्धा क्लोजिंगला कॅश जुळली का विचारताना हळूच "काय बाळ्या?" म्हणतात.

त्रास झाला का? झाला की. नववी-दहावीत लई झाला. मैत्रिणी घरी आल्या की आईला आधी बजावून ठेवायचो, आज नाव घेऊन हाक मार. ती मुद्दाम विसरायची. त्या वयात सगळ्याचाच त्रास होतो, केसांचा होतो, उंचीचा होतो, त्यातलाच हा एक. आता वडील नाहीत, बाळ्या म्हणणारी आई तेवढी राहिली. ती ज्या दिवशी पूर्ण नाव घेऊन हाक मारते त्या दिवशी समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

बंड्या झकास आहे. राहू दे.

मालवणचो_झील

आमच्याकडे ह्यो प्रश्नच नाय. झील (मुलगा) इलो, बायल (बाई) इली, पण चेडू (मुलगी) 'इला'. मुलगी लग्न होईपर्यंत नपुसकलिंगीच. गोव्यातही तसंच, चेडूं आयलें. माझी आजी नातवंडांना हाक मारायची ती सरसकट "पुता" म्हणून, मग तो झील असो नायतर चेडू. कोणाक काय झाला नाय.

(मावशीक पुढच्या कार्यक्रमाक बोलवू नका, इतक्याच सांगतंय.)

माण_तालुका

वरचे दोन्ही प्रतिसाद गोड आहेत, पण मावशींचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका असं मला वाटतं.

मी सातारा जिल्ह्यातली. शाळेत माझ्या वर्गात नकुसा होती. नकोशी. तिला मोठ्या बहिणी होत्या. 'नकुसा' ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, ही समजूत. बाई हजेरी घेताना ते नाव घ्यायच्या आणि ती "हजर" म्हणायची, आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, इतकं ते रोजचं होतं. पुढे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन जिल्ह्यातल्या २८५ नकुसांना नवी नावं दिली, ते तुम्ही वाचलं असेल. त्यात बऱ्याच जणींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. आमची नकुसा तोवर लग्न होऊन मुंबईला गेली होती, तिच्या आधार कार्डावर तेच आहे.

आता मुद्दा. 'नकुसा' हे नाव त्या पोरीला ठेवलेलंच नसतं. ते जन्माला न आलेल्या भावाला घातलेलं आवताण असतं, पोरगी नुसती निरोप्या. तुमच्या आबांनी बंड्या म्हटलं ते हिची दुपट्याबाहेर आलेली टाच बघून. म्हणजे ते नाव हिचंच, हिने कमावलेलं. मावशींनी तेच नाव उचलून भावाच्या नावावर करायला घेतलं. तुम्हाला जे खुपतंय ते हेच आहे, आणि त्यात फाटे फोडणं काही नाही. नवऱ्याला खुशाल हा प्रतिसाद दाखवा.

म्हणून नाव थांबवू नका, मावशींना थांबवा. आणि ते तुम्ही करू नका, सून बोलली की भलताच विषय होतो. आबांनी बोलायला हवं, नाव त्यांनी ठेवलंय.

आणि एक कान उघडा ठेवा. "ही आमची मुलगी नाहीच, मुलगाच आहे" हे वाक्य घरात यायला लागलं तर मात्र तिथल्या तिथे अडवा. ते कौतुक म्हणून येतं, म्हणून जास्त वाईट.

निवृत्त_बाई

पहिलीचे वर्ग शिकवण्यात नोकरी गेली. जूनमध्ये हजेरी घेताना दरवर्षी एखादं पोर स्वतःच्या नावाला ओ द्यायचं नाही. रडकुंडीला आलेली आई खिडकीतून सांगायची, "बाई, गोट्या म्हणा, मग देईल." गोट्या वेणी घालून बसलेली असायची. त्यामुळे घरात काय वाटेल ते म्हणा, पण बालवाडीत जायच्या आधी मुक्ता हे आपलं नाव आहे एवढं तिला माहीत असू द्या. जेवताना एकदा, झोपताना एकदा मुक्ता म्हटलं तरी पुरतं.

दुसरं, कागद. जन्मनोंदीत मुक्ता गेलंय ना, बघून घ्या. नोंदीच्या वेळी नाव दिलं नसेल तर वर्षभरात फुकट घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. काही हौशी आजोबा परस्पर लाडाचं नाव सांगून येतात आणि मग पोरीला दहावीच्या आधी राजपत्राच्या मागे धावावं लागतं. शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुमचं नाव तिच्या नावाला चिकटून येणार आहे, ते 'बंड्या'ला चिकटलेलं बरं दिसणार नाही!

मुक्ताईने मोठ्या भावाला, ज्ञानेश्वरांना, चार गोष्टी सुनावल्या होत्या हेही त्या मावशींना सांगा कुणीतरी.

ठाण्याचा_बाबा

मला एक उलटं विचारायचं आहे. मुलीला बंड्या, दाद्या, माझा वाघ म्हणतो. मुलाला छकुली का म्हणत नाही?

आमच्याकडे मोठीला सगळे 'दाद्या' म्हणतात, तिलाही आवडतं. धाकटा चार वर्षांचा. शेजारच्या बाळाला छकुली म्हणतात ते ऐकून म्हणाला, मलापण छकुली म्हणा. मी आणि बायकोने म्हटलं, त्यात काय! आठवडाभर घरात छकुली चालू. मग माझे वडील आले. पहिल्याच जेवणाला, "छकुली, वरण घे" ऐकलं आणि ताटावरून उठायचेच बाकी राहिले. "पोराला बायकी नावाने हाक मारायची नाही." हेच वडील नातीला दाद्या म्हणून खांद्यावर घेऊन तलावपाळीला फिरवून आणतात. म्हणजे मुलीला मुलाचं नाव दिलं की बढती आणि मुलाला मुलीचं दिलं की पदावनती.

तिकडे गोऱ्यांतही हेच आहे. मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्या मुलीच्या वर्गात चार्ली आहे, ती शार्लट. सॅम म्हणजे समँथा. तिथे ॲश्ली, लेस्ली, बेव्हर्ली ही एके काळी पुरुषांची नावं होती. मुलींना ठेवायला लागले तसं मुलांना ठेवणं कमी होत गेलं. आपल्याकडे किरण अजून दोघांत टिकून आहे ते नशीबच.

माण_तालुका यांचं पटलं. पण प्रत्येक 'बंड्या'त ही बढती थोडी असतेच, आबांच्याही. त्यावर उपाय काय ते मला ठाऊक नाही. धाकटा सध्या स्वतःला 'जेसीबी' म्हणवून घेतो, त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

चिंचवडची_सून

सगळ्यांचे आभार. बाई, जन्मनोंदीत मुक्ताच आहे, कालच दाखला काढून बघितला.

आधी नवऱ्याला वाचायला दिलं. तो 'नकुसा'पाशी थांबला, मग स्वतःच उठून आबांकडे मोबाईल घेऊन गेला. आबा म्हणाले, मला बारीक दिसत नाय, तूच वाच. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "ती तसं म्हणली? मी तवा फुगे बांधत हुतो का?" म्हणजे त्यांनी ते ऐकलंच नव्हतं! "लाव तिला फोन."

स्पीकरवर फोन. आधी ऊस गेला का, गुडघा कसा आहे, हे सगळं झालं. मग आबा म्हणाले, "आणि त्ये बंड्याचं. आमचा बंड्या आलेला हाय. आमी दुसऱ्या कुणाची वाट बघत नाय." मावशी म्हणाल्या, मी काय वाईट बोलले, आणि फोन ठेवून दिला. आता सासूबाई आबांवर चिडल्यात, कारण मावशींच्या घरी डिसेंबरमध्ये लग्न आहे आणि आहेर आधीच घेऊन ठेवलाय.

जेवताना मुक्ता म्हणायचा प्रयोग सुरू केला. ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नवऱ्याने तोडगा काढलाय, 'मुक्त्या'.

निवृत्त_बाई

मुक्त्या नको हो. त्यापेक्षा बंड्या परवडला.

रंकाळ्याची_बाळ्या

मुक्त्याला काय झालंय? मला तर आवडलं. आहेराची साडी असेल तर इकडं पाठवा.