ऑडिटवाले म्हणतात कॉम्प्रेसर बदला, पण आधी गळती काढायला नको का?

नमस्कार मंडळी,

सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. नुकतंच एनर्जी ऑडिट झालं. अहवाल जाडजूड, पण मुख्य शिफारस एकच: ३७ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर काढा, व्हीएफडीवाला (मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या. मालक तयार आहेत, मीच अडून बसलोय.

कारण असं. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवली, लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडे, आणि कॉम्प्रेसर चालवून पाहिला. हवा वापरणारं कुणीच नाही, तरी तो ४० सेकंद लोड (हवा भरतो), ६० सेकंद अनलोड (मोटर फिरते, पण हवा भरत नाही) असा चालत राहिला. म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळतेय! वर अनलोडमध्येही मोटर फुल लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातेच.

शंका अशी की ऑडिटरचा लॉगर (नोंदी घेणारं यंत्र) याच गळक्या लाइनवर लागला होता. त्या आकड्यांवरून नव्या कॉम्प्रेसरचं माप ठरवलं, तर आपण गळतीसाठीच मशीन विकत घेतोय ना? आधी कपलिंग, होज, एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर), ड्रेन व्हॉल्व्ह दुरुस्त करू आणि पुन्हा लॉगिंग करा म्हटलं, तर उत्तर एवढंच की "पेबॅक चांगला आहे". म्हणजे घातलेले पैसे लवकर वसूल होतील. अहो, पण तो हिशोब कशावर काढलेला?

दुसरी अडचण प्रेशरची. सेटिंग ८ बार, कारण एका जुन्या फिक्श्चरच्या (जॉब, म्हणजे कापायचा भाग, धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) क्लॅम्पला ६.५ लागतो. बाकीच्यांना ५.५ पुरतो. एक बार उतरवला तर साधारण ६-७ टक्के वीज वाचते हे ठाऊक आहे, पण ऑपरेटर म्हणतात, कट चालू असताना जॉब सुटला तर? भीती खोटी नाही. त्या एका क्लॅम्पसाठी बूस्टर (तेवढ्यापुरता दाब वाढवणारा) लावावा, की जवळ छोटी टाकी पुरेल? कुणी केलंय का?

(दिवे आणि पॉवर फॅक्टरचं आम्ही करतोच आहोत, त्यावर चर्चा नको.)

प्रतिसाद:

गळती आधी, यात वादच नाही. व्हीएफडी खुलतो तो मागणी वरखाली होते तिथे. सतत फुल लोडजवळ चालणार असेल, तर ड्राइव्हमधल्या लॉसमुळे साध्या मशीनपेक्षा किंचित जास्तच वीज घेईल. तुमची मागणी खरी कशी आहे, ते गळती गेल्यावरच दिसेल.

क्लॅम्पसाठी कॉम्प्रेसरवरचा गेज बघू नका. क्लॅम्पच्या तोंडाशी गेज लावा आणि शेजारची मशिनं हवा ओढत असताना बघा. तुंबलेला फिल्टर नाहीतर बारीक होज, बहुतेक वेळा दाब तिथेच जातो. क्षणभरच पडत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि जवळ टाकी पुरते. कायमच कमी पडत असेल तर बूस्टर, पण हवेवर चालणारा बूस्टर स्वतःही हवा खातो हे धरून चाला. काहीही लावलंत तरी प्रेशर स्विच इंटरलॉकला जोडा: दाब कमी असेल तर सायकल सुरू होता कामा नये, चालू असेल तर फीड थांबलं पाहिजे. त्यानंतरच सेटिंगला हात लावा, तेही एकदम नाही, ०.२ बारने.