मोठ्यांच्या डायपरऐवजी कापडी पॅड : काय घ्यावं, किती लागतील, धुवायचं कसं?

पिंपळपान
सासूबाई ७९ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात. लघवीची घाई झाली की बाथरूमपर्यंत धीर धरवत नाही. शौचावर पूर्ण ताबा आहे. डॉक्टरांना दाखवलंय, इन्फेक्शन नाही, औषध चालू आहे. सध्या दिवसरात्र मिळून चार डायपर लागतात. एक ३५ रुपयांना पडतो, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. शिवाय जांघेत लाल होतंय आणि कचऱ्याचा ढीग वेगळाच.

घरची परिस्थिती : टॉप लोड मशीन, हीटर नाही. पाणी बोअरचं. गॅलरी पूर्वेला. जुन्या सुती साड्या भरपूर. पुण्याच्या कडेला राहतो. एकदम सगळं बदलावं का? सुरुवात कशाने करू?

रात्रपाळी
एकदम नको. खरेदीच्या आधी तीन दिवस मोजमाप करा, नाहीतर चुकीच्या जाडीचे पॅड घेऊन बसाल.

कोरा डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. काढलेला पिशवीत घालून तोला. लघवीचं वजन जवळपास पाण्याइतकंच, तेव्हा ९० ग्रॅमचा डायपर ४१० ग्रॅम भरला तर ३२० मिली लघवी झाली. वेळही लिहा. तीन दिवसांत कळतं की सकाळी नऊ ते दुपारी एक जास्त जाते की रात्री. दिवसभराची एकूण लघवी मोठ्या माणसाची साधारण एक ते दोन लिटर असते, पण ती सगळी पॅडमध्ये येत नाही. काही बाथरूममध्येही होतेच.

मग पॅड निवडताना पाकिटावर लिहिलेली क्षमता निम्मी धरा. तो आकडा पॅड सपाट ठेवून पाणी ओतल्यावरचा असतो. माणूस त्यावर बसतं तेव्हा गणित बदलतं. डायपरमध्ये जी पावडर असते ती लघवीची जेल करून धरून ठेवते, दाबलं तरी सोडत नाही. कापड नुसतं शोषतं, दाबलं की परत देतं. म्हणून कापडी पॅड दर दोन ते तीन तासांनी बघायचा आणि ओला असेल तर लगेच बदलायचा. डायपरसारखा पाच-सहा तास ठेवलात तर जांघेतला लालपणा कमी न होता वाढेल.

क्रम असा ठेवा : आधी पलंग आणि खुर्चीवरचे धुता येणारे पॅड, मग दिवसाचे घालायचे, रात्र सगळ्यात शेवटी. रात्री डायपरच ठेवलात तरी काही बिघडत नाही. चाराचा एक झाला, तेवढं पुष्कळ.

कापूसकोंडा
कापडाचं सांगते.

जुनी सुती साडी उत्तम, कारण ती शंभरदा धुतलेली असते. नव्या सुती कापडाला कापसाचं नैसर्गिक मेण आणि गिरणीची खळ असते, ते सुरुवातीला पाणी घेतच नाही, वरून ओघळतं. नवे पॅड आणलेत तर वापरण्याआधी गरम पाण्यात चार-पाच वेळा धुवा, दर वेळी वाळवून. कोऱ्या मांजरपाटाला त्याहून जास्त. चमचाभर पाणी टाकून बघा : थेंब गोल होऊन वर बसला तर अजून तयार नाही, चटकन पसरला तर तयार.

साडीचे थर मऊ, पण एकटे पुरत नाहीत. मधे टर्किश टॉवेल किंवा जुन्या बनियनचं होजिअरी कापड हवं. मायक्रोफायबरचे पॅड स्वस्त मिळतात, ते लघवी भराभर ओढतात आणि बसल्याबरोबर तितक्याच भराभर सोडतात. ते त्वचेला थेट लागू देऊ नका, त्वचा कोरडी पडते. घ्यायचेच असतील तर सगळ्यात खाली, सुती थराच्या मागे.

त्वचेच्या बाजूला पॉलिएस्टर फ्लीसचा (हलक्या ब्लँकेटचं असतं तसं मऊ, लवदार कापड) एक पातळ थर ठेवा. फ्लीस पाणी धरत नाही, खाली जाऊ देतो, वरून कोरडा लागतो. इथे ‘सुती तेच चांगलं’ हा हट्ट सोडावा. ओलं सूत अंगाला चिकटून राहिलं की त्वचा सुरकुतते आणि घासली जाते.

पिंपळपान
धन्यवाद! पॅड घरी शिवता येतील का? आणि बाहेरचं कव्हर कसलं? आमच्याकडे दवाखान्यासारखी रबरी चादर आहे, तिचीच चड्डी शिवावी का?

सुईदोरा
रबरी चादर अंगावर नको, घाम कोंडतो. ती गादीवरच बरी, आणि तिच्यावर नेहमी कापड. कव्हरसाठी पीयूएल नावाचं कापड मिळतं : पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर. लहान मुलांच्या कापडी लंगोटांना तेच वापरतात. लवचिक आणि हलकं असतं. पण मोठ्यांची कव्हरं तयारच घ्या, पायाच्या इलॅस्टिकचं माप घरी साधणं कठीण. कंबर आणि नितंबाचा सर्वांत रुंद भाग, दोन्ही मोजून घ्या. वॉकरवाल्या माणसाला बाजूने बटणं उघडणारं कव्हर हवं, म्हणजे उभ्या उभ्या बदलता येतं.

पॅड मात्र घरीच. मी सुचवेन तो घडीचा :

टॉवेलचा एक तुकडा ४० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद. त्यावर साडीचे त्याच मापाचे दोन थर. चारी कडा शिवा. आता रुंदीत तीन घड्या घाला, १५ सेंटीमीटर रुंदीचा नऊ थरांचा पॅड झाला. वर फ्लीसची १५ बाय ४० ची सुटी पट्टी. घड्या शिवू नका. धुताना उघडा, म्हणजे साबण आतपर्यंत जातो आणि वाळताना तीनच थर वाळवायचे असतात. नऊ थर एकत्र शिवलेला पॅड बाहेरून कोरडा लागतो, आत दोन दिवस दमट राहतो, आणि कुबट वास तिथूनच येतो.

पुढेमागे लांबी बघून कमी-जास्त करा. बायकांची लघवी मधे आणि मागे जाते, पुरुषांची पुढे. पुरुषांसाठी हाच पॅड पुढच्या टोकाला दुमडून तिथे जाडी दुप्पट करायची.

गळती झाली तर आधी कव्हरच्या पायाची कड बघा. कापडाची बोटभर कड जरी बाहेर राहिली तरी वातीसारखं ओलं बाहेर येतं आणि साडी भिजते. दहापैकी आठ वेळा पॅड कमी पडलेला नसतो, कड बाहेर असते. (आठ हा आकडा अंदाजाचा, पण आधी तेच बघा.)

पलंगाचा पॅड शिवायचा असेल तर पीयूएलच्या मधून शिलाई मारू नका, सुईच्या भोकांतून झिरपतं. फक्त कडेला शिवा आणि दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोरा स्वतःच ओल ओढतो.

बोअरवाला
आता धुणं. कापडी पॅड सोडून लोक परत डायपरवर येतात ते बहुतेक वासामुळे, आणि वास बहुतेक धुण्यामुळे.

लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. त्यांना वेळ मिळाला की वास आलाच. म्हणून ओला पॅड झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. काढल्याबरोबर साध्या गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा आणि जाळीच्या टोपलीत टाकायचा. धुणं रोज. फार तर एक दिवसाआड.

टॉप लोडसाठी :

१. आधी छोटी धुलाई, अर्धी पावडर, गार पाणी. ते पाणी काढून टाका. यात निम्मं काम होतं.

२. मग मोठी धुलाई, पावडर पूर्ण मापाने. मशीनच्या पुस्तिकेत गरम पाणी चालतं असं असेल तर गिझरचं पाणी बादलीने ओता, साधारण ६० अंशांचं. ओतताना जपून. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, साबणाचा फेस होत नाही आणि क्षार कापडात साचतात. त्यासाठी पावडरच्या आधी दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवा. धुण्याचा, खाण्याचा नव्हे.

३. दोनदा खळबळणं. शेवटच्या पाण्यात फेस दिसला तर तिसऱ्यांदा.

ड्रम दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. ओले पॅड खूप जड होतात.

काय घालायचं नाही : फॅब्रिक सॉफ्टनर (धाग्यावर मेणचट थर बसतो, शोषणं बंद), जखमांसाठीचं जंतुनाशक द्रव (अंश राहून त्वचा चुरचुरते), कव्हरांवर क्लोरीन ब्लीच (इलॅस्टिक आणि पीयूएल दोन्ही जातात). आणि लघवीच्या ओल्या कपड्यांवर ब्लीच कधीच ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नाही.

रिठ्याने भागेल का, असं नेहमी विचारलं जातं. रेशमी साडीला ठीक. याला नाही.

वास ओळखायची युक्ती : धुतल्या धुतल्या वास येत असेल तर साबण कमी पडला. वाळलेला पॅड छान, पण ओला झाला की पाच मिनिटांत नाकाला झोंबतो, तर क्षार साचलेत. मग फक्त सुती पॅड (कव्हरं नाहीत) कडकडीत गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेटची ऑक्सिजन ब्लीच पावडर घालून तासभर भिजवा आणि नेहमीसारखे धुवा. पातेल्यात दहा मिनिटं उकळले तरी चालतात. पीयूएल उकळलं तर थर सुटतो.

एक धोक्याची गोष्ट : रबरी चादर किंवा मोठा वॉटरप्रूफ पॅड टॉप लोडमध्ये पिळायला लावू नका. त्यात पाणी पिशवीसारखं अडकतं, तोल जातो, मशीन उड्या मारतं. ती हातानेच धुवा, नुसती निथळत ठेवा.

गॅलरी पूर्वेला आहे तर धुणं रात्री लावा, सकाळी सातला दोरीवर. दहा-अकराच्या पुढे तुमच्याकडे ऊन राहणार नाही. पॅड उन्हात, कव्हरं सावलीत.

पिंपळपान
नग किती लागतील? पावसाळ्यात काय?

कापूसकोंडा
दिवसाला पाच बदल धरा. एक दिवसाचे वापरात, एक दिवसाचे धुण्यात, एक दिवसाचे वाळत : पंधरा. जुलै-ऑगस्टसाठी वीस. कव्हरं चार पुरतात, नुसतं दमट झालेलं पुसून वाऱ्यावर टाकून फिरवून वापरता येतं. पलंगाचे पॅड तीन, खुर्चीचे दोन.

पण आधी पाच पॅड आणि एकच कव्हर करून आठवडाभर बघा. सासूबाईंना जाडी सोसते का, चालताना मांड्यांत घासतं का, ते त्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात पंख्याखाली घड्या उघडून, दोन पॅडमध्ये वीतभर अंतर. जरा दमट राहिला तर सुती भागावर इस्त्री, फ्लीस आणि कव्हर दूर ठेवून. दमट पॅड कधीच घालायचा नाही. चार दिवस सूर्यच दिसला नाही तर सरळ डायपर वापरा.

रात्रपाळी
त्वचेचं राहिलं. बदलताना कोमट पाण्याने, चोळू नका, टिपून कोरडं करा. झिंकचं क्रीम अगदी पातळ लावा. जाड थर पॅडवर उतरतो आणि तो भाग पाणी घेईनासा होतो. हेच खोबरेल तेलाचं. पावडर नको, घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि घडीत घासतात.

जांघेतल्या लालीच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या असतील तर ती बुरशी असू शकते. ती पॅड बदलून जाणार नाही, डॉक्टरांना दाखवा. माकडहाडावरची लाली बोटाने दाबून फिकी होत नसेल तर ते बेडसोरचं पहिलं लक्षण, त्याच दिवशी दाखवा. झोपून असलेल्या माणसाला एअर मॅट्रेसवर चार-चार जाड पॅड घालू नयेत, गादीचा उपयोगच राहत नाही. एक पुरे.

जुलाब लागले तर बरं होईपर्यंत डायपरच.

आणि पाणी प्यायला कमी देऊ नका. लघवी गडद होते, मूत्राशय जास्तच चुरचुरतं, घाई वाढते. त्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी घाई व्हायच्या आधी बाथरूमला न्या. तुमच्या तीन दिवसांच्या नोंदीतल्या वेळा इथे उपयोगी येतील. पाचाचे तीन पॅड यानेच होतात.

पिंपळपान
शेवटचे दोन प्रश्न. धुण्याच्या मावशी हे धुतील का? आणि रात्रीचा डायपर टाकायचा कसा?

बोअरवाला
मावशींना न सांगता ढिगात घालू नका. आधी विचारा, वेगळे पैसे ठरवा, हातमोजे द्या. नाही म्हणाल्या तर पहिलं खळबळणं आणि मशीन घरच्यांनी करायचं, त्यांच्याकडे फक्त वाळत घालणं. आणि ‘घरच्यांनी’ म्हणजे एकट्या सुनेने नव्हे, वाटणी आधी ठरवून घ्या.

डायपर गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर्तमानपत्रात. घनकचरा नियमांनुसार तो नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. पुण्यात स्वच्छ संस्थेचे कचरावेचक येत असतील तर पुडीवर मोठा लाल ठिपका काढा, त्यांच्यात ती खूण रुळलेली आहे. न उघडता बाजूला ठेवता येते. संडासात मात्र टाकू नका, आतली पावडर फुगून पाइप तुंबतो.