मदत हवी आहे: ४२ मुलं, १२ फोन आणि बेभरवशाचं नेट. नववीच्या गणित-विज्ञानाच्या तासाला कोणती साधनं वापरावीत?

त्रिज्या

नमस्कार. नववीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हाताशी एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि आधी सांगून ठेवलं तर १२ अँड्रॉइड फोन मिळतात. वायफाय आहे, पण पाच-सहा फोन एकदम जोडले की अडकतं. त्यामुळे ‘सगळ्यांनी लिंक उघडा’ असं सांगून काही होत नाही.

तीन कामांसाठी मदत हवी आहे. कोणाला कळलं नाही हे त्याच तासात दिसायला हवं; पेपर तपासून आठवड्याने समजलं तर तोवर पुढचा धडा सुरू झालेला असतो. विद्युत परिपथ आणि आलेख हे दोन भाग मुलांनी स्वतःच्या हाताने बदलून बघावेत. आणि घरी केलेल्या सरावाची नोंद आपोआप व्हावी.

‘शिक्षकांसाठी उपयुक्त ५० ॲप’ छापाच्या याद्या भरपूर वाचून झाल्या आहेत, त्या कृपया नकोत. कोणतं साधन कोणत्या कामाला, सेटिंग काय ठेवायची आणि ऐन वर्गात काय अडतं, एवढं नेमकं सांगा.

कंपासपेटी

पहिल्या कामाला प्लिकर्स. त्यात मुलांकडे फोन लागतच नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचं. कार्डावर काळा चौकोनी नक्षीचा ठसा असतो आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवलात की नावानिशी उत्तरं जमा होतात. उत्तरं टिपायला नेट फक्त त्या एका फोनला लागतं, मोबाइल डेटावर भागतं.

नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे. तुमची मुलं ४२, म्हणून ६३ कार्डांचा मोठा संच छापा. जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. बोटं काळ्या ठशावर येऊ देऊ नका, कडेलाच धरायला सांगा. मागच्या बाकांवरची कार्डं पुढच्यांच्या डोक्याआड जातात, त्यामुळे मागच्यांनी हात उंच करायचा. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवलात तर वाटताना गोंधळ होत नाही.

मात्र खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचा प्रत्येक पर्याय कोणत्या तरी खऱ्या गैरसमजातून आलेला हवा. उदाहरणार्थ:

९ व्होल्टच्या बॅटरीला १० ओहमचा एक दिवा जोडला, तेव्हा धारा ०.९ अँपिअर आहे. तसाच दुसरा दिवा एकसर जोडला. आता पहिल्या दिव्याच्या आधी, दोन्हींच्या मधे आणि दुसऱ्याच्या नंतर धारा किती?
ए) सगळीकडे ०.९
बी) सगळीकडे ०.४५
सी) आधी ०.९, मधे ०.४५, नंतर ०
डी) सगळीकडे १.८

बरोबर उत्तर बी. ए म्हणणाऱ्याला वाटतं की बॅटरी नेहमी तेवढीच धारा देते. सी म्हणणारा धारा दिव्यात ‘खर्च होते’ असं धरून चालला आहे. डी म्हणणाऱ्याच्या डोक्यात समांतर जोडणी आहे. तिघांना तीन वेगळी स्पष्टीकरणं लागतात, आणि कोणाला कोणतं, हे अर्ध्या मिनिटात समोर येतं.

पुढे काय करायचं यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत वापरा. साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी मुलांचं बरोबर असेल तर पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्के असेल तर उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. ७० च्या वर असेल तर थोडक्यात कारण सांगून पुढे चला. पहिल्या फेरीनंतर लगेच पडद्यावर स्तंभालेख दाखवलात तर मुलं कारण सोडून बहुमताच्या मागे जातात. म्हणून विंडोज कळ आणि पी दाबून प्रोजेक्टर ‘एक्स्टेंड’वर ठेवा: प्रश्न पडद्यावर, निकाल फक्त तुमच्या लॅपटॉपवर.

लंबरेषा

कहूट, म्हणजे फोनवर खेळायची प्रश्नमंजुषा, का नको? मुलांना खूप आवडतं, आणि १२ फोनवर गट करून खेळता येईल.

कंपासपेटी

धडा संपल्यावर उजळणीला जरूर वापरा. निदानाला नको, कारण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. विचार करणारं मूल मागे पडतं आणि अंदाजाने बटण दाबणारं वर येतं; मग आलेल्या आकड्यावरून कोणाला कळलं हे ठरवता येत नाही. वापरायचंच असेल तर त्या प्रश्नाचे गुण शून्य ठेवा आणि वेळ वाढवा. त्यात चार मिनिटांपर्यंत वेळ देता येतो.

प्रयोगवही

विद्युत परिपथासाठी फेट, म्हणजे पडद्यावर करायच्या आभासी प्रयोगांचा (सिम्युलेशन्सचा) संग्रह. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर केंद्रात २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. यातली नवी सिम्युलेशन्स एकेका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि नंतर नेटशिवाय चालतात. तुमच्या वायफायवर हाच उपाय आहे. ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी’ घ्या. भाषांतरांच्या यादीत मराठी दिसलं तर तेच रूप उतरवा.

फाइल एकदा लॅपटॉपवर घ्या आणि आदल्या दिवशी क्विक शेअरने बाराही फोनवर पाठवा. इथे एक हमखास अडचण येते. फाइलवर थेट बोट ठेवलं की काही फोन ती ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडतात आणि समोर नुसता पांढरा पडदा येतो. ‘ओपन विथ’मधून क्रोम निवडावं लागतं. हे तासाला नाही, आदल्या दिवशी प्रत्येक फोनवर करून बघा.

१२ फोन आणि ४२ मुलं म्हणजे तिघांचे सहा गट आणि चौघांचे सहा गट. एकाने फोन हाताळायचा, एकाने वहीत परिपथाची आकृती व वाचनं लिहायची, बाकीच्यांनी पुढचं वाचन किती येईल ते आधी सांगायचं. दर पाच मिनिटांनी फोनवाला बदला, नाहीतर तोच एक जण शिकतो.

सुरुवातीची पाच मिनिटं मोकळं खेळू द्या. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की बॅटरीवर ज्वाळा दिसतात. प्रत्येक गट ते करणारच, आणि शॉर्ट सर्किट शिकवायला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही. मग वर दिलेला दोन दिव्यांचा परिपथ जोडायला सांगा आणि अ‍ॅमीटर तीन जागी लावून तीन वाचनं वहीत लिहून घ्या.

आधी माहीत असायला हव्यात अशा दोन गोष्टी. पहिली: सुरुवातीला इलेक्ट्रॉन फिरताना दिसतात, म्हणजे पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेने. सेटिंगमध्ये ‘कन्व्हेन्शनल’ निवडल्यावर बाण पुस्तकाप्रमाणे येतात. हे आधी सांगितलं नाही तर मुलं बॅटरी उलटी लावून ‘दुरुस्त’ करायला जातात. दुसरी: तारेचा आणि बॅटरीचा रोध नगण्य धरलेला असतो. प्रयोगशाळेतलं वाचन त्याच्याशी तंतोतंत जुळणार नाही. ‘लॅब’ पडद्यावरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात हे दोन्ही रोध वाढवता येतात, आणि फरक का पडतो हा प्रश्न तिथूनच विचारता येतो.

खऱ्या तारा, सेल आणि दिवे यांचा प्रयोग मात्र सोडू नका. सैल जोडणी, गंजलेलं टोक, उतरलेला सेल यातलं काहीच सिम्युलेशनमध्ये नाही.

तिरकी_रेघ

आलेखाला जिओजिब्रा, हे आलेख आणि भूमितीचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ते सुरू केलं. ॲप आधी फोनवर घेऊन ठेवलं की नेट लागत नाही.

इनपुट ओळीत सरळ रेषेचं समीकरण वाय = एम एक्स + सी असं लिहा, एम आणि सी चे स्लायडर आपोआप तयार होतात. ते मुळात उणे ५ ते ५ आणि ०.१ च्या पायरीने असतात. नवशिक्यांसाठी पायरी १ करा, ०.१ वर मुलं नुसती सरकवत बसतात आणि कोणत्या किमतीला काय झालं हे वहीत येत नाही. आणि नियम असा की आधी वहीत अंदाजाने रेषा काढायची, मगच स्लायडरला हात लावायचा. अंदाज न लिहिता बघितलं की प्रत्येकाला ‘हे तर माहीतच होतं’ असं वाटतं.

नेहमी होणारे घोळ:

पडदा दोन बोटांनी ताणताना अक्षांचं प्रमाण बिघडतं. मग वाय = एक्स ही रेषा ४५ अंशांची दिसत नाही आणि वर्तुळ लंबगोल होतं. सेटिंगमध्ये दोन्ही अक्षांचं प्रमाण १:१ करून घ्या.

त्रिकोणात ६० अंशांऐवजी ३०० अंश दिसले तर बिंदू उलट्या क्रमाने निवडले गेलेत. त्या कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० अंश ही मर्यादा निवडा.

तीन कोनांची हाताने बेरीज केली तर कधी १७९.९९ किंवा १८०.०१ येते, कारण प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केलेला असतो. बेरीज जिओजिब्रालाच करू द्या. पण ही तफावत मुलांनी एकदा बघावी असं मला वाटतं; मोजणं आणि सिद्ध करणं यातला फरक समजावायला ती उपयोगी पडते.

भूमितीत ‘ओढून बघ’ ही कसोटी लावा. डोळ्याने चार बिंदू ठेवून काढलेला चौरस एक शिरोबिंदू ओढला की वेडावाकडा होतो. लंब रेषा आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस ओढला तरी चौरसच राहतो.

त्रिज्या

खूप उपयोग होतोय, मनापासून आभार. तिसऱ्या कामासाठी गूगल फॉर्म वापरायचा विचार आहे. दोन शंका. बऱ्याच घरांत भावंडांमध्ये एकच फोन आहे, तिथे काय करायचं? आणि जुन्या प्रश्नपत्रिका फॉर्ममध्ये चिकटवल्या की अगम्य चिन्हं येतात.

हजेरीपट

चिन्हं येतात कारण त्या प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून देवनागरी दिसते. फॉन्ट बदलून ते सुटत नाही. त्याच फॉन्टसाठी असलेल्या रूपांतरकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एकदा वाचून काढा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार इथे हमखास चुका राहतात. समीकरणं आणि आकृत्या मात्र चित्र म्हणून टाका.

एकाच फोनचा प्रश्न: ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ बंद ठेवा. ते चालू असलं की गूगल खात्याने प्रवेश करावा लागतो, आणि मोठ्या भावाने त्याच खात्यातून फॉर्म भरला असेल तर धाकटीला ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ असं दिसतं. त्याऐवजी पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा, तो अनिवार्य करा आणि १ ते ४२ असा ड्रॉपडाउन द्या. लिहायला सांगितलं तर कोणी ‘७’ लिहितं, कोणी ‘सात’, कोणी पूर्ण नाव, आणि यादी जुळत नाही. फोन नंबर, जन्मतारीख असलं काही विचारू नका, त्याची गरज नाही.

सेटिंगमध्ये ‘मेक धिस अ क्विझ’ चालू करून प्रत्येक प्रश्नाला उत्तरसूची द्या. लघुत्तरी प्रश्नात उत्तर शब्दशः ताडून पाहिलं जातं. देवनागरी अंकात लिहिलेलं ९.८ आणि इंग्रजी अंकात लिहिलेलं ९.८ या यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही उत्तरसूचीत भरा. एककासह लिहायचं की नुसता अंक, हेही प्रश्नातच सांगा.

चुकीच्या उत्तराला ‘फीडबॅक’ची जागा असते, ती बहुतेक जण रिकामी सोडतात. तिथे दोन ओळी लिहा: चूक कुठे झाली असावी आणि वहीतलं कोणतं उदाहरण पुन्हा बघायचं. घरी बसलेल्या मुलाला गुणांपेक्षा याचा जास्त आधार असतो.

प्रतिसाद गूगल शीटला जोडा. दुबार नोंदी काढायच्या असतील तर आधी पानाची प्रत करा, मग डेटा मेनूतल्या ‘डेटा क्लीनअप’मध्ये ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ निवडून फक्त हजेरी क्रमांकाच्या स्तंभावर खूण करा. पहिली नोंद राहते, नंतरच्या जातात. शेवटचा प्रयत्न ठेवायचा असेल तर आधी वेळेच्या स्तंभावर उलट्या क्रमाने लावून घ्या.

लंबरेषा

आणि मुलांनी चॅटबॉटकडून उत्तरं आणली तर? ओळखणारी साधनं आहेत ना?

हजेरीपट

त्यांच्यावर विसंबून कोणत्याही मुलावर आरोप करू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं होतं. प्रामाणिक मुलावर ठपका आला तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास परत मिळवणं फार कठीण जातं. घरच्या फॉर्मला गुण ठेवूच नका, तो सरावच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक प्रश्न आकडे बदलून कार्डांवर घ्या. लांब लेखन असेल तर गूगल डॉक्समध्ये करून घ्या. ‘व्हर्जन हिस्टरी’त मजकूर टप्प्याटप्प्याने वाढला की एकदम चिकटवला ते दिसतं. तेही पुरावा म्हणून नाही, मुलाशी बोलायला निमित्त म्हणून वापरा. आणि गूगल क्लासरूममधून डॉक्स देताना ‘मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट’ असाइन करण्याआधीच निवडा, नंतर ते बदलता येत नाही.

प्रयोगवही

वायफाय सुधारणारच नसेल तर एक पर्याय अजून आहे, कोलिब्री. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने नेट नसलेल्या वर्गांसाठीच ते बनवलं आहे. लॅपटॉपवर बसवा, हवे ते धडे आणि सराव एकदा नेटवरून किंवा पेनड्राइव्हवरून घ्या, आणि साध्या राउटरने बाराही फोन लॅपटॉपला जोडा. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं. फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, मग कोलन (:) आणि इंग्रजी अंकांत 8080 असं टाकलं की पान उघडतं. कोणी कोणता सराव किती केला हे शिक्षकाच्या खात्यात दिसतं.

पान उघडलं नाही तर तीन ठिकाणी बघा. विंडोज फायरवॉलने अडवलं असेल, तर कोलिब्रीला ‘प्रायव्हेट नेटवर्क’साठी परवानगी द्या. ‘या वायफायला इंटरनेट नाही’ म्हणून फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेला असेल, तर तेवढ्यापुरता डेटा बंद करा. आणि लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काही करू नका’ हे निवडून ठेवा, कारण लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की बाराही फोनवरची पानं तिथेच अडकतात.