नेपाळच्या शाळेत सुट्टीत शिकवायला जायचंय, कोणी गेलंय का?

हळदवाला_सांगली
नमस्कार मंडळी, बीएस्सी सेकंड इयरला आहे. पेपर मेच्या मध्यावर संपतायत, त्यानंतरच्या सुट्टीत पोखऱ्याकडच्या एका खेड्यात शाळेत शिकवायला जायचा विचार आहे. एक एजन्सी चार आठवड्यांचे ४५ हजार मागतेय, राहणं-खाणं धरून, प्रवास वेगळा. आई म्हणते पैसे भरून फुकट राबायला कशाला जातोस, गावच्या झेडपीच्या शाळेत शिकव की. तिचं चुकतंय असंही वाटत नाही राव. व्हिसा, पैसे, पाऊस, जे माहीत असेल ते सांगा.

पन्हाळ्याची_पोर
मी २०१९ ला गेलेले, लमजुंग जिल्ह्यात, सरकारी शाळा. व्हिसा आपल्याला लागत नाही, पण विमानाने जाणार असशील तर पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड घे, आधारवर सोडत नाहीत. नोटा तेव्हा शंभरच्याच न्याव्या लागायच्या, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, दर फिक्स आहे.

आता शिकवायचं. लिपी देवनागरीच, म्हणून मी जरा हवेतच गेले होते. पहिल्या दिवशी फळ्यावर माझ्या गावाचं नाव लिहिलं, पन्हाळा, आणि अख्खा वर्ग गप्प. नेपाळीत ळ नाहीच! एक पोरगा म्हणाला मिस, हा इंग्रजी आठ आडवा का पाडलाय. मग तासभर सगळे ळ ळ करत बसले, इंग्रजी राहिलं बाजूला. दुपारी एका मुलीने 'खाजा' खायला बोलावलं, मला वाटलं आपलं जत्रेतलं गोड खाजं, तर कोरडे पोहे आणि चणे. मधल्या सुट्टीचं खाणं म्हणजे खाजा. पोरं सकाळी नऊलाच डाळभात जेवून येतात, शाळा १० ते ४, आणि तेव्हा सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा.

जमलं तर मेमध्येच पोच. असार, म्हणजे त्यांचा आषाढ, लागला की भातलावणी, निम्मी पोरं शेतात, बऱ्याच शाळांना पावसाळी सुट्टीही तेव्हाच पडते. असार १५ ला, म्हणजे आपल्या जूनअखेरीला, घरोघरी दही-चिउरा खातात, आपले दहीपोहेच की! जळवांसाठी मीठ जवळ ठेव.

खडूस_काका
शाळाच आहे ना नक्की? अनाथाश्रम असेल तर अजिबात जाऊ नकोस. तिथल्या बऱ्याच पोरांचे आईबाप जिवंत असतात, शिक्षणाच्या नावाखाली खेड्यातून आणलेली असतात आणि तुझ्यासारखे पैसे भरून येणारे आहेत म्हणूनच ते दुकान चालतं, पोरांना लळा लागतो आणि महिन्याभरात तू गायब. एजन्सीकडून हेडसरांचा नंबर घे आणि विचार, तुम्हाला नक्की कुठला विषय शिकवणारा माणूस हवाय. बीएस्सीवाला आहेस, गणित-विज्ञान मागतील तर काही अर्थ आहे. इंग्रजी गाणी म्हणून घ्यायला ४५ हजार कशाला?

हळदवाला_सांगली
काका, नंबर मागितला. म्हणे तसा नंबर द्यायची पॉलिसी नाही.

खडूस_काका
मग झालं की. सोड त्यांना.

पन्हाळ्याची_पोर
+१. माझ्या शाळेचा नंबर मेसेज करते, थेट हेडसरांशी बोल, हिंदी चांगलं येतं त्यांना. गावातच एका घरी राहायची सोय होते, जेवणाचे पैसे घरमालकिणीच्या हातात द्यायचे. आणि नेपाळ सीमेजवळच्या गोरखपूरचं रेल्वे तिकीट आत्ताच काढ बाबा, मेमध्ये यूपीच्या गाड्यांना दारात उभं राहायलाही जागा नसते.